एकशे बारा स्लाइड आणि काचीगुड्यातले तीन दिवस

परवा एका वाचकाने विचारलं, "ताई, हैदराबादला तीन दिवसांत काय काय पाहून होईल?" मी हैदराबादला बरोबर तीन दिवस राहिले आहे आणि चारमिनार पाहिलेला नाही. गोवळकोंडा नाही, हुसेनसागरसुद्धा आगगाडीतून ओझरता. त्यामुळे सहलीचा बेत आखत असाल तर ही पोस्ट तुमच्या फारशी कामाची नाही. तरी रस्ता, खाणंपिणं, उतरायचं कुठे हे सगळं लिहिणार आहे, कारण इतकी वर्षं इतरांच्या गावांबद्दल लिहिलं आणि हा एक प्रवास तेवढा टाळत आले.

गोष्ट उदारीकरणाच्या पहिल्या वर्षांतली. आमच्या पुण्यातल्या गल्लीत तेव्हा केबलच्या काळ्या वायरी नुकत्याच गच्चीगच्चीवरून लोंबायला लागल्या होत्या आणि कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ उगवले होते. माझा धाकटा भाऊ हेमंत जाऊन दीड वर्ष झालं होतं. सत्तावीस वर्षांचा होता. किडनीच्या दुखण्याने गेला. हैदराबादला मुधोळकर सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होता आणि तब्येत बिघडल्यावर काम आणि एक जुना मायक्रोस्कोप उचलून घरीच घेऊन आला होता.

काम काय, तर समुद्राच्या तळाचा चिखल. जहाजावरून लांबच लांब पोकळ नळी खाली सोडतात, ती तळात रुतवतात आणि वर ओढतात. नळीत जो गाळ येतो त्यात सर्वांत वर आजचा काळ आणि जसजसं खाली जावं तसतसा जुना काळ. हा गाळ चाळणीवर धुतला की खसखशीपेक्षाही बारीक पांढरी कवचं उरतात. समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांची ही घरं. तीन केसांच्या ओल्या ब्रशने ती एकेक उचलायची, काळ्या चौकटीच्या पुठ्ठ्याच्या स्लाइडवर चिकटवायची आणि मोजायचं: अख्खी किती, फुटकी किती. हेमूच्या अशा एकशे बारा स्लाइड होत्या.

मी त्याला एकदा वैतागून म्हटलं होतं, "फुटकी मोजून काय मिळतं रे तुला?" तर त्याने मला स्वयंपाकघरात नेलं. ओट्याखालच्या शहाबादीवर लिंबाचा रस सांडून पडलेला पांढरा डाग दाखवला. शहाबादी आणि ही कवचं एकाच जातीची, चुन्याची, दोघांनाही आंबट सोसत नाही. समुद्राचं पाणी ध्रुवांकडे थंड होऊन बुडतं आणि शेकडो वर्षं तळाने सरकत राहतं. वरून पडणारं, कुजणारं सगळं त्यात मिसळतं आणि पाणी जितकं जुनं होतं तितकं आंबटतं. वाहणं मंदावलं की पाणी तळाशी जास्त काळ राहतं आणि कवचं झिजून फुटतात. म्हणजे कवचं मोजली की हजारो वर्षांपूर्वीचं पाणी किती वेगाने वाहत होतं याचा अंदाज येतो. त्याच्या नळीत मधोमध एक पट्टा होता, तिथे कवचं फुटकी होती. त्याच्या वर आणि खाली अख्खी. "अक्का, इथे समुद्र थबकला होता," असं तो म्हणायचा आणि त्याचे डोळे चमकायचे. मला खरं म्हणजे त्या चमकण्यातच जास्त रस होता.

शेवटच्या चार महिन्यांत त्याचा हात थरथरायला लागला तेव्हा ब्रश मी धरला. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, बी.एस्सी.ला मायक्रोस्कोपवर बऱ्यापैकी हात बसला होता. तो उशीला टेकून सांगायचा, मी उचलायचे.

मग एक दिवस मुधोळकर सरांचं पत्र आलं. हेमंतचा शोधनिबंध लिहून झाला आहे, पहिलं नाव त्याचंच राहील. पण माझ्याकडचा नियम आपल्याला माहीत असेल: एकाने केलेली मोजणी मी बाहेर पाठवत नाही. दुसऱ्याने, पहिल्याची वही न बघता, निवडक स्लाइड पुन्हा मोजाव्या लागतात. माझ्या हाताखालची मुलं सगळी कम्प्युटरच्या कोर्सला गेली. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. आपण इथे येऊन मोजाल का? शंका वाटेल तिथे मी तपासेन.

आईने पत्र तीनदा वाचलं. "छापून येईल ना ग त्याचं नाव?" एवढंच विचारलं आणि बॅग भरायला घेतली, माझी.

पहिला दिवस

मुंबईहून येणारी हैदराबाद एक्स्प्रेस पुण्याला पकडायची, झोपायचं आणि सकाळी डोळे उघडायचे. खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका. वाडी, तांडूरच्या पट्ट्यात रुळांच्या दोन्ही बाजूंना शहाबादीच्या खाणी दिसतात, फरशांच्या चळती, सिमेंटच्या कारखान्यांची धूळ. पूर्वी कधीतरी इथे समुद्र होता, हे हेमूनेच सांगितलेलं. विकाराबादला वडे चांगले मिळायचे. त्या दिवशी मी दोन घेतले आणि एकच खाल्ला.

मांडीवर स्टीलचा उभा डबा होता. आईच्या मऊ सुती साडीच्या पट्ट्यांत स्लाइड ओळीने गुंडाळल्या होत्या. रात्रभर तो मी पोटाशी धरून झोपले होते.

नामपल्लीला, म्हणजे हैदराबाद स्टेशनला, उतरलं की काचीगुडा रिक्षाने फार लांब नाही, मात्र भाडं आधी ठरवा. माझा रिक्षावाला गप्पिष्ट होता.

"डब्बे में क्या है अम्मा? अचार?"

"समुद्राची माती आहे," मी हिंदीत म्हटलं, "हळू चालवा."

"समंदर की मिट्टी हैदराबाद में लाए?" त्याने आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. "हौ, हल्लू चलाता मैं."

आणि खरंच हळू चालवली. कोठीच्या गर्दीत तर उतरून चालत गेले असते तर आधी पोचले असते.

मुधोळकरांचं घर काचीगुडा स्टेशनच्या मागच्या बाजूला, दोन खोल्या खाली आणि एक वर. तीन पिढ्या हैदराबादेत, आजोबा निजामाच्या नोकरीत, वडील वकील, सर विद्यानगरला प्राध्यापक. निवृत्तीनंतर जामबागच्या एका कॉलेजात तासावर शिकवायला जात. काकूंनी दारातच माझा हात धरला.

"हौ ग बाई, अगदी हेमंतवानी दिसायलीस तू. बैस, परेशान नको होऊ. आधी चहा."

ह्या घरी हेमू दर रविवारी जेवायचा. काकूंनी मला त्याचं ताट दाखवलं. मला ते बघवेना, म्हणून मी वरची खोली कुठे आहे असं विचारलं.

वर खिडकीशी मायक्रोस्कोप होता. सरांनी निवृत्त होताना स्वतः विकत घेतलेला, कारण विभागातली मायक्रोस्कोपची खोली आता गारेगार करून तिथे कम्प्युटर बसवले होते. सरांनी हेमूची वही माझ्याकडून घेतली, कपाळाला लावली आणि परत दिली. "तुझ्या बॅगेत ठेव, बेटा. मोजणी संपेपर्यंत वर आणायची नाही."

दुपारभर मी मधल्या पट्ट्याच्या सात स्लाइड मोजल्या. सगळीकडे तुकडे. संध्याकाळी सरांनी वही मागवली, जाड भिंग लावून माझे आकडे आणि हेमूचे आकडे शेजारी ठेवले. जुळत होते. माझे तुकडे प्रत्येक स्लाइडला थोडे जास्तच.

"नवा हात आहे, होतं तसं," सर म्हणाले. मग चष्मा काढून डोळे पुसत बसले. "बरोबर होता पोरगा. माझ्याशी वाद घालायचा, मी ऐकत नव्हतो. बरोबर होता."

काकूंनी खुबानीचा मीठा केला. वाळवलेले जर्दाळू भिजवून, शिजवून, वर साय. हैदराबादला गेलात तर बिर्याणीच्या नादात हे खायला विसरू नका. सरांनी निबंधाचं टाइप केलेलं पहिलं पान आणून दाखवलं. हेमंतचं नाव सगळ्यात वर होतं. कोपऱ्यावरच्या बूथवरून मी आईला फोन केला. शेजाऱ्यांकडे फोन, त्यांनी हाक मारून तिला आणेपर्यंत मीटर पळत होता. "आई, जुळलं सगळं," मी ओरडून सांगितलं. पलीकडे ती रडत होती.

दुसरा दिवस

सकाळी काकूंबरोबर कोपऱ्यावर इडली खाल्ली. इथली चटणी तिखट असते, पुणेकरांनी बेताने घ्यावी. सर म्हणाले, आज वरच्या थरातल्या दोनचार स्लाइड बघून टाक, फक्त रीत म्हणून. आणि तासाला निघून गेले.

मी पहिली स्लाइड भिंगाखाली सरकवली.

वरच्या थराची ही स्लाइड मी ओळखत होते. मीच भरली होती. दिवाळीच्या आसपासची गोष्ट, हेमूने ती पाहून "कसली गोंडस आहेत बघ" असं म्हटलं होतं. गोल, टपोरी, चकचकीत कवचं, एकही फुटकं नव्हतं म्हटलं तरी चालेल. आता काळ्या चौकोनांत पांढरी भुकटी होती. जी कवचं उभी होती त्यांच्यावर पिठूळ थर होता, ब्रश नुसता टेकवला तर एक विरलं. मी दुसरी घेतली. तीच गत. तिसरी, चौथी. पट्टा कुठला आणि वरचा थर कुठला हे आता सांगताच आलं नसतं.

म्हणजे कालचं जुळणं खोटं होतं. मधली कवचं समुद्रात फुटली होती हे खरं, पण ती तशी दिसत होती म्हणून काहीच सिद्ध होत नव्हतं, कारण सगळीच तशी दिसत होती.

मी खाली गेले. काकू भाजी निवडत होत्या. "काय ग, थकलीस?" "नाही, पाणी प्यायला आले." बॅगेतून हेमूची वही काढली, पदराआड धरून वर आणली. वहीत त्या स्लाइडपुढे त्याच्या बारीक अक्षरात आकडे होते. सरांना भुकटीतलं काही दिसलं नसतं. ते माझ्यावर विसंबले होते. मी पेन्सिल घेतली आणि हेमूचा आकडा माझ्या तक्त्यात लिहिला. हुबेहूब वाटू नये म्हणून दोनाने कमी केला. तो दोन कमी करताना मला स्वतःची किळस आली. पण लिहिला. चारही स्लाइडचे लिहिले.

पुढचा दीड तास मी खिडकीत बसून होते. खालून बस, लुना, सायकलरिक्षा जात होत्या. समोरच्या भिंतीवर कम्प्युटर क्लासची नवीन पाटी रंगवणं चाललं होतं. मी स्वतःला सांगत होते की आकडा खोटा नाहीच, हेमूने मोजलेला खरा आकडा आहे, मी स्वतः त्या कवचांना अख्खं पाहिलंय. हे सगळं खरं होतं. तरी सरांच्या पायांचा आवाज जिन्यावर आला तेव्हा मी खोडरबर शोधत होते.

"झालं?" सरांनी विचारलं.

"सर, मी वही वर आणली," मी म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी समजूत काढायचाच प्रयत्न केला. "गाडीचे धक्के बसले असतील, बेटा. रात्रभराचा प्रवास."

"धक्क्याने तुटलं तर कडा धारदार असते, सर. ह्यांना पीठ आलंय."

ते बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. मग त्यांनी स्लाइड उचलून नाकाशी धरली, तशीच माझ्यापुढे केली. पुसट आंबट वास. तो वास मला घरी रोज येत होता आणि मला आणि आईला तो आवडायचा, नव्या लाकडाचा म्हणून.

"ह्या कशात ठेवल्या होत्या?"

हेमू गेल्यावर आईने त्याच्या स्लाइडसाठी कपाट करून घेतलं होतं. तोवर त्या पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यांत होत्या, आणि तिला ते बरं वाटेना. बाजारातून नवंकोरं गुळगुळीत प्लायवूड आणलं, चार दिवस सुतारापाशी बसून चपटे खण करवले, प्रत्येक खणाला नंबर. धूळ जाऊ नये म्हणून दाराला रबराची पट्टी लावली. मी सांगत गेले आणि सरांची मान खाली गेली.

"त्या लाकडातून, त्यातल्या गोंदातून आंबट वाफ सुटत राहते," ते म्हणाले. "दार घट्ट, आत पावसाळ्याची ओल. संग्रहालयांतले शंख-शिंपलेसुद्धा असेच जातात. तुमचा दोष नाही. मीच लिहून कळवायला हवं होतं. मला वाटलं, डब्यातच असतील."

"गाळ उरलाय का थोडा? पुन्हा धुता येईल?"

"आपल्या वाट्याचा सगळा गाळ हेमंतनेच धुतला. फार कष्टाळू होता. एक चिमूटसुद्धा ठेवली नाही त्याने."

मी शेवटचा प्रयत्न केला. "पण सर, त्याचे आकडे खरे आहेत. तुम्हालाही पटलंय ना?"

"मला पटतंय, बेटा," ते म्हणाले. त्यांनी टाइप केलेलं पहिलं पान पुन्हा फाइलमध्ये घातलं. "पण मी चाळीस वर्षं पोरांना दुसऱ्याकडून मोजून घ्यायला लावलं. आता माझ्या लाडक्याला सूट कशी देऊ?"

मला त्यांचा राग आला होता हे इथे कबूल करते. आजही अधूनमधून येतो.

तिसरा दिवस

सरांनी मला एकशे बाराही स्लाइड नुसत्या डोळ्याखालून घालायला लावल्या. खालच्या खणांतल्या, कागदात दुहेरी गुंडाळलेल्या अठरा जवळजवळ शाबूत होत्या. "ह्या काचेच्या बरणीत ठेवा. त्या कपाटात परत घालू नका," त्यांनी दोनदा बजावलं. "एवढ्यावर निबंध होत नाही. पण पुढे कुणाला त्याच भागातली नळी मिळाली तर ताडून बघायला उपयोगी पडतील. हेमंतचं नाव तेव्हा तरी येईल."

काकू स्टेशनपर्यंत आल्या. इराणी हॉटेलातून उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन दिला. खारट-गोड असतात, चहात बुडवून खायची, परतताना नक्की घ्या. "येत राहा ग," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं आता मराठी बोलणारं कोण येतंय?" त्यांचा मुलगा महिन्याभरात अमेरिकेला निघाला होता. मी येईन म्हटलं, आणि परत कधी गेले नाही.

घरी

पुण्याला पहाटे उतरले. घरी पोचले तर आई अंघोळ करून तयार होती आणि कपाट सताड उघडं होतं. खण काढून, कोरड्या फडक्याने पुसून, नवे कागद घालून ठेवलेले. प्रत्येक खणावर हेमूच्या वहीवरून आधीच उतरवून ठेवलेले नंबर, आईच्या गोल अक्षरात.

"कधी छापून येणार?" तिने विचारलं.

वाटेत, सोलापूरच्या पुढे, मी खरं काय ते सांगायचं असं पक्कं केलं होतं. तिच्याकडे पाहिलं आणि तोंडातून निघालं, "नाही येणार, आई. गाडीत माझ्या हातून डबा पडला. बरीचशी फुटली."

हैदराबादला मला दोनाचा फरक पचवता आला नव्हता. इथे एवढं मोठं खोटं मी चप्पलही न काढता बोलले.

"तुला कधी काही नीट धरता आलंय?" ती म्हणाली. मग डबा माझ्या हातून घेतला आणि स्लाइड मोजायला बसली. अठरा मी साडीच्या वेगळ्या घडीत बांधल्या होत्या, शाळेत नेऊन बरणीत ठेवायच्या म्हणून. पण तिला एकशे बारा पाठ होत्या. चौऱ्याण्णवला थांबून तिने वर पाहिलं आणि हात पुढे केला. बरणीत का ठेवायच्या, कपाटात का नको, ह्याला मी काय उत्तर देणार होते? मी घडी तिच्या हातात दिली. तिने एकेक स्लाइड आपापल्या नंबराच्या खणात ठेवली, दार लावलं आणि रबराची पट्टी बोटाने दाबून नीट बसवली.

पुढची कितीतरी वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती ते कपाट दाखवायची. हेमंतचं संशोधन आहे, छापूनच येणार होतं, पण वसुधाच्या हातून गाडीत डबा पडला. मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायचे. पाहुणे माझ्याकडे बघायचे आणि मी मान डोलवायचे.

आई गेल्या वर्षी गेली. तेराव्यानंतर मी ते कपाट उघडलं. त्या अठरा स्लाइड शोधून काढल्या आणि हेमूच्याच जुन्या मायक्रोस्कोपखाली एकेक करून पाहिल्या. अठराव्या स्लाइडपर्यंत मला आशा होती.